सानपाडा ते बेलापूर : सायकलवरून देशसात्म्याचा अभ्यास

स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया हे भाताचे शहर म्हणून ओळखले जाते. १९५७ च्या ऑक्टोबर महिन्यात तेथील तुरिया नदीला महापूर आला. पुढे नदीचा प्रवाह शहराबाहेरून वळविण्यात आला आणि रिकाम्या झालेल्या पात्रात सुमारे नऊ किलोमीटर लांबीचे उद्यान तयार झाले. या उद्यानातील मार्गांवरून पाहुण्यांना सायकलने शहर दाखवावे आणि वाटेत तेथील पारंपरिक पदार्थ चाखवावेत, अशी पद्धत तेथे चांगली रुळली आहे. शहराच्या दक्षिणेस आल्बुफेरा नावाचे सरोवर असून त्याच्या भोवती भातखाचरे आहेत. त्या तांदळाचा ‘पाएया’ हा पदार्थ पसरट, उथळ कढईत शिजवितात. त्यात कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा, घेवड्याचे टपोरे दाणे, केशर आणि ऑलिव्हचे तेल असते. कढईच्या तळाशी लागलेली खरपूस खरवड तेथे आवडीने वाटून घेतात. हा भात पचनास जड, म्हणून तेथील लोक तो दुपारच्या भोजनात घेतात, रात्री सहसा घेत नाहीत.

हे वर्णन आयुर्वेदाच्या अभ्यासकाला परके वाटू नये. आपल्या भूमीत पिकलेले धान्य, ठरलेला संस्कार, ठरलेला संयोग आणि ठरलेली वेळ. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी निम्मी या एका कढईत दिसतात. परगावचा पाहुणा सायकलवर बसून दोन-तीन तासांत त्या शहराचा आहार जाणून घेतो. आपण मात्र वर्षानुवर्षे ज्या गावात चिकित्सा करतो, तेथील रुग्णाच्या चुलीवर काय शिजते हे कितीसे पाहिलेले असते? प्रस्तुत लेखात सानपाडा ते बेलापूर या पट्ट्यातील सायकलफेरीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

भूमी आणि तिची माणसे

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. नवी मुंबईसाठी ठाणे आणि तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी योजनेत आल्या. आज सेक्टर आणि इमारतींच्या क्रमांकांनी ओळखला जाणारा हा भाग मुळात भातशेती, खाजण जमीन, मिठागरे आणि खाडी यांचा होता. आगरी हे समाजनामच ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते आणि आगर म्हणजे मिठागर. सानपाडा, सोनखार, तुर्भे, शिरवणे, सारसोळे, नेरूळ, करावे, दिवाळे, शहाबाज ही गावठाणे आजही नव्या वसाहतींच्या मधोमध आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याच्या योजनेमागे हा लढा होता, हे सर्वश्रुत आहे.

या इतिहासाचा चिकित्सेशी संबंध असा, की शेत आणि मिठागर गेले तरी जीभ आणि जठराग्नी यांची सवय लगेच जात नाही. ज्या शरीराने दिवसभर चिखलात लावणी केली किंवा उन्हात मीठ ओढले, त्या शरीरासाठी बसलेला आहार पुढच्या पिढीने तसाच ठेवला, पण श्रम मात्र उरले नाहीत. मात्रा तीच, व्यायाम नाही, ही आपल्या चिकित्सालयातील स्थौल्य आणि प्रमेह यांची एक मोठी वाट आहे.

त्यातच एका सानपाड्यात अनेक सात्म्ये एकत्र नांदतात. तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात काम करणारे माथाडी कामगार बहुतांशी सातारा-सांगलीकडचे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या कामाला संरक्षण मिळाले आणि त्यांची कुटुंबे या परिसरात स्थिरावली. त्यांच्या घरी ज्वारी-बाजरीची भाकरी होते. शेजारच्या इमारतीत गुजराती व्यापारी कुटुंब राहते, पलीकडे दाक्षिणात्य. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात देशोदेशींची सात्म्ये सांगितली आहेत. पूर्वेकडील लोकांना मासे, सिंधू देशातील लोकांना दूध, अश्मक-अवंतीच्या लोकांना तेल आणि अम्ल पदार्थ सात्म्य, असा तो विचार आहे. संहिताकाळी जो विचार देशांच्या पातळीवर होता, तो आज आपल्याला एका रस्त्यावरच्या चार दारांना लावावा लागतो.

फेरीची आखणी

सानपाड्याच्या मोराज चौकापासून बेलापूरच्या किल्ला परिसरापर्यंतचे अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पामबीच मार्ग सरळ आणि देखणा असला तरी तेथे वाहने अतिवेगाने धावतात. म्हणून शक्य तेथे वसाहतींतील आतील रस्ते धरावेत आणि गावठाणांतून जावे. नाहीतरी आपल्याला जे पाहायचे आहे ते गावठाणांतच आहे. पहाटे सहाच्या सुमारास निघावे, शिरस्त्राण व दिवा असावा, आणि गती बोलता येईल इतकीच ठेवावी.

व्यायामाविषयी अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात आणि सुश्रुताच्या चिकित्सास्थानात अर्धशक्तीची मर्यादा सांगितली आहे. कपाळ, नाक, काख आणि सांधे यांवर घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडू लागली की थांबावे. शीतकाळात आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत, इतर ऋतूंत त्याहून कमी, हा नियम सायकलला जसाच्या तसा लागू पडतो. अजीर्ण असताना, वातपित्ताच्या विकारांत आणि अतिवृद्धांनी ही फेरी करू नये. बैठक फार खाली ठेवल्यास गुडघ्यावर भार येतो, म्हणून संधिगत वाताच्या रुग्णाला सायकल सुचविताना बैठकीची उंचीही सांगावी. जेवून लगेच पायडल मारू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मोटारीतून गावठाण दिसत नाही, कारण मोटार तेथे शिरतच नाही. पायी चालत दहा किलोमीटरचा आहार पाहून होत नाही. सायकल मात्र गल्लीत शिरते, टोपलीपाशी थांबते, आणि सायकलवरून उतरलेल्या डॉक्टरांशी मासळी विकणारी मावशी मोकळेपणाने बोलते.

खाडीचे मासे

सारसोळे आणि दिवाळे येथे खाडीतील मासेमारी अजून टिकून आहे. सकाळी टोपल्यांत कोलंबी, बोईट, शिंगाळा, चिंबोऱ्या दिसतात. नशीब असल्यास जिताडा मिळतो. रायगड-ठाणे पट्ट्यात जिताड्याला जो मान आहे, तो पाहुणचारात दिसून येतो. चिखलात उड्या मारणारे निवटे बाळंतिणीला आणि अशक्त रुग्णाला देण्याची रीत जुन्या घरांत आढळते.

सुश्रुताच्या सूत्रस्थानातील शेहेचाळिसाव्या अध्यायात माशांचे नादेय आणि सामुद्र असे भेद करून गुण सांगितले आहेत. सर्वसाधारणपणे मासे गुरू, उष्ण, स्निग्ध, मधुर, बृंहण, वातघ्न आणि कफपित्तकर. हे सर्व आपल्याला पाठ असते. तथापि मासा तव्यावर तेलात तळलेला, कालवणात शिजलेला आणि निखाऱ्यावर भाजलेला, या तीन संस्कारांनी त्याच्या गुरुत्वात किती फरक पडतो, हे रुग्णाशी बोलताना आपण क्वचितच सांगतो. ‘मासे बंद’ असे लिहिण्याऐवजी ‘तळलेले बंद, चिंच-कोकमाचे पातळ कालवण दुपारी चालेल’ असे लिहिता येते. प्रत्येक रुग्णात ते चालेलच असे नाही. कुष्ठ, शीतपित्त, तीव्र अम्लपित्त यांत निषेध स्पष्टच ठेवावा.

मासे आणि दूध यांच्या विरुद्धतेविषयी रुग्ण नेहमी विचारतात आणि बरेच जण नारळाच्या दुधाचे कालवणही विरुद्ध समजून सोडतात. संहितेतील निषेध प्राण्यांच्या दुधाविषयी आहे. नारळाचे दूध हे फळाच्या गराचे द्रव्य असून त्याला तो नियम लावण्याचे कारण नाही. उलट समारंभात मासळीच्या जेवणावर आइस्क्रीम किंवा खीर घेतली जाते, तिकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. खरा विरुद्धाहार तेथे आहे.

एक सावधगिरी येथे नोंदवावी. कालवे, खुबे यांसारखे शिंपलेधारी जीव पाणी गाळून आपले अन्न मिळवितात. खाडीकाठी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. पाण्यातील दोष अशा जीवांच्या शरीरात साचू शकतो. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात दूषित जल आणि देश यांचा जो विचार आहे, तो डोळ्यांसमोर ठेवून गर्भिणी आणि बालक यांना खाडीच्या तोंडावरील शिंपल्यांविषयी संयम सांगणे इष्ट.

सुकी मासळी आणि मीठ

यांत्रिक नौकांच्या मासेमारीला जून-जुलैत बंदी असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ, आणि आपल्या दृष्टीने अग्निमांद्याचा वर्षा ऋतू. या दिवसांसाठी गावठाणात सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या, मांदेली आणि खारा बांगडा साठविला जातो. चिकित्सकाच्या दृष्टीने या फेरीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला याच टोपल्यांपाशी दिसली.

आपण सर्व सुकी मासळी ‘खारट’ या एका शब्दाखाली घालून वर्ज्य ठरवितो. वस्तुतः बोंबील आणि जवळा हे साधारणतः मीठ न लावता उन्हात वाळविले जातात. खारा बांगडा मात्र मिठात मुरवूनच सुकवितात. एकाच टोपलीतील या दोन पदार्थांमध्ये मिठाचे अंतर फार मोठे आहे. विकणाऱ्या मावशींना ते तंतोतंत ठाऊक असते. विचारल्यावर त्या बोट ठेवून सांगतात की हा मिठाचा, हा बिनमिठाचा.

विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग टाळावा असे सांगितले आहे. लवणाच्या अतिसेवनाची सवय असलेल्या देशांची नावेही तेथे आहेत. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर येथील लोक दुधासोबतही मीठ खातात असे ते वर्णन आहे. त्याच संदर्भात आचार्य पुढे म्हणतात की अशी सवयीची गोष्ट दोषयुक्त असली तरी ती क्रमाने सोडविणे श्रेयस्कर. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रमही हेच शिकवितो. आधुनिक मतही मिठाच्या बाबतीत वेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. मिठागरांच्या भूमीत ही मर्यादा एका कागदाने पाळली जाणार नाही. तिला क्रम लागतो.

येथे एका रुग्णेची हकीकत सांगण्याजोगी आहे. गावठाणातील साठीच्या एक मावशी रक्तदाब आणि पायांवरील शोथ घेऊन आल्या. त्यापूर्वी अन्यत्र त्यांना छापील पथ्यपत्रक मिळाले होते. त्यात मासे, भात, मसाले सर्व वर्ज्य. मावशींनी तीन आठवडे ते प्रामाणिकपणे पाळले. मासळीच्या जागी रोज दोन्ही वेळा लोणचे आणि पापड आले, कारण भाकरीला काहीतरी लावायला हवेच. शोथ होता तसाच राहिला. त्या म्हणाल्या, “डाक्तर, म्हावरा बंद केला त खावाचा काय?” या प्रश्नाचे उत्तर त्या छापील कागदात नव्हते.

त्यांच्या वृक्काच्या तपासण्या करून घेतल्या आणि रक्तदाबाच्या चालू गोळ्या त्यांच्या चिकित्सकांच्या सल्ल्याने तशाच ठेवल्या. खारा बांगडा, लोणचे आणि पापड बंद केले. बिनमिठाचे बोंबील धुऊन, भाजून, आठवड्यातून दोन वेळा, आणि ताज्या माशाचे पातळ कालवण दुपारी घेण्यास सांगितले. कालवणातील मीठ एकदम न काढता चौथ्या-चौथ्या हिश्शाने कमी करविले आणि चव राखण्यासाठी कोकम वाढविले. पुनर्नवादी औषधे सोबत होतीच. पुढील भेटींत शोथ उतरत गेला. एका रुग्णेवरून सिद्धांत मांडता येत नाही आणि औषधाचा वाटा किती, पथ्याचा किती हेही वेगळे करता येत नाही. मात्र पथ्य पाळले गेले, कारण ते त्यांच्या चुलीवर शिजणारे होते, एवढे निश्चित.

तांदळाची भाकरी

करावे आणि दिवाळे गावांत सकाळी भाकरी थापल्याचा आवाज अजून ऐकू येतो. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी, मळावी आणि थापावी, ही पद्धत. खाजणातील खाऱ्या जमिनीत तग धरणारा लाल ‘राता’ तांदूळ पूर्वी घरोघरी असे. आता या गावांची शेतेच उरली नसल्याने तांदूळ दुकानातून येतो, तोही बहुधा पांढराशुभ्र, सडलेला.

नवा तांदूळ गुरू आणि अभिष्यंदी, वर्षभर जुना तांदूळ लघु, हा नियम जुन्या घरांत शब्दांशिवाय पाळला जात असे, कारण वर्षाचे धान्य कणगीत ठेवूनच वापरात येई. प्रमेहाच्या रुग्णाला ‘भात बंद, पोळी खा’ असे सांगितले जाते. ज्या घरात गव्हाची पोळी सणापुरती होते, तेथे ती सूचना चार दिवस टिकते. त्याऐवजी राशी हे आयतन हाती घ्यावे. एका जेवणात भाकरी आणि भात दोन्ही असतात, त्यांतील एकच ठेवावे. भाकरीचा आकार पाहून संख्या ठरवावी. तांदूळ जुना घ्यावा आणि शिजविण्यापूर्वी भाजून घ्यावा. सोबत पालेभाजी वाढवावी. एवढे झाले तरी पुष्कळ साधते, आणि रुग्ण खोटे बोलत नाही.

पावसाळी भाज्या

हीच फेरी मृगाचा पाऊस पडल्यावर पुन्हा करावी, अर्थात निसरड्या रस्त्यावर आणखी हळू. बेलापूर आणि पनवेलच्या बाजारांत आदिवासी भगिनी शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, करटोली घेऊन बसतात. आपल्या द्रव्यगुणाच्या पाठ्यपुस्तकातील अर्धे पान तेथे दहा-वीस रुपयांच्या जुडीत बांधलेले असते.

शेवळे ही सुरणाच्या कुळातील वनस्पती. तिच्यातील कण घशाला खाज आणतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांसोबत किंवा चिंचेसोबतच शिजविली जाते. करण आणि संयोग म्हणजे काय हे विद्यार्थ्याला शिकविण्यासाठी याहून उत्तम उदाहरण मिळणार नाही. टाकळा म्हणजे आपला चक्रमर्द. दद्रूघ्न म्हणून आपण त्याचे बीज वापरतो. त्याची कोवळी पाने या लोकांच्या ताटात नेमकी पावसाच्या तोंडावर येतात. भारंगीची कोवळी पाने उकळून, पाणी काढून, डाळ घालून शिजवितात. कास-श्वासात आपण जिचे मूळ देतो, तिची भाजी आपल्या रुग्णाची आजी करीत होती, हे सांगितल्यावर रुग्णाचा औषधावरील विश्वास वाढतो.

वालाचेही तसेच. निष्पाव हा गुरू, रूक्ष आणि वातकर, तरीही या भागाचे ते आवडते कडधान्य. लोक वाल भिजवितात, मोड आणतात, साल काढतात, मग हिंग घालून बिरडे करतात. हिवाळ्यात रायगडकडे पोपटी लावतात, तेव्हा वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि ओवा घालून वाफेवर शिजतात. प्रत्येक पायरी निष्पावाच्या एकेका दोषावर काम करते. ग्रंथ न वाचलेल्या हातांनी बसविलेला हा संस्कार आहे. ‘वाल वातूळ, बंद करा’ असे सांगण्यापूर्वी तो कसा शिजविला जातो हे विचारावे.

मसाल्याचा बाजार

परतीच्या वाटेवर सानपाड्याच्या उत्तरेस तुर्भे येथे बाजार समितीचे मसाला मार्केट लागते. एप्रिल-मेमध्ये गावठाणातील महिला वर्षाचा मसाला येथून भरतात. मिरच्या, धणे, दालचिनी, लवंग, दगडफूल अशी यादी असते. यातील मिरची आपल्या संहितांत नाही. ती अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. व्हॅलेन्सियाच्या कढईत पडणारा टोमॅटोही त्याच खंडातून युरोपात गेला. संहिताकाळी कटुरसासाठी शुंठी, मरिच, पिप्पली होत्या. अम्लपित्ताच्या रुग्णाला मसाला सर्वस्वी सोडविण्यापेक्षा त्यातील मिरचीचे प्रमाण घटवून धणे आणि आले वाढवावे, असा बदल मसाला कुटण्याच्या वेळीच सुचविला तर वर्षभर टिकतो. डबा एकदा भरला की मे महिन्यापर्यंत कोणाचे काही चालत नाही.

औषधालयासाठी

औषधविक्रेत्या बंधूंनीही या विषयाकडे लक्ष द्यावे असे दोन मुद्दे आहेत. पहिला लवणाचा. पोट जड आहे म्हणून ग्राहक लवणभास्कर चूर्ण, हिंग्वाष्टक किंवा शंखवटी मागतो. लवणभास्करात अनेक लवणे आहेत, हिंग्वाष्टकात सैंधव आहे, शंखवटीतही लवणे आहेत. ज्या ग्राहकाच्या ताटात आधीच खारी मासळी आणि लोणचे आहे आणि जो रक्तदाबाच्या गोळ्या घेतो, त्याला ही औषधे सवयीने महिनोन्‌महिने देत राहणे योग्य नाही. ‘रक्तदाब आहे का? पायाला सूज येते का?’ हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर होकारार्थी आल्यास ग्राहकाला वैद्याकडे पाठवावे.

दुसरा मुद्दा द्रव्याच्या ओळखीचा. व्हॅलेन्सियात ‘ओर्चाता’ नावाचे पांढरे, गोड पेय थंड करून पितात. ते ज्या कंदापासून होते तो चुफा, वनस्पतिशास्त्रीय नाव सायपरस एस्क्युलेंटस, आपल्या मुस्तेचा म्हणजे सायपरस रोटुंडसचा सख्खा भाऊबंद. चुफा मधुर, स्निग्ध आणि पोषक, तर मुस्ता कटु-तिक्त-कषाय, पाचन आणि ग्राही. एकाच कुळात रसगुण इतके पालटतात. म्हणून नागरमोथा खरेदी करताना केवळ आकारावर विसंबू नये. गंध आणि चव यांची परीक्षा दुकानातच करावी. गोडसर, निर्गंध कंद आला तर तो परत करावा.

संघटनेपुढे एक सूचना

वरील विवेचनातून एक व्यवहार्य गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षातून दोन वेळा, एकदा हेमंतात आणि एकदा वर्षारंभी, आपापल्या भागात अशी आहारफेरी काढावी. सायकल चालविणे शक्य नसेल त्यांनी पायी एक गावठाण पाहावे. फेरीनंतर एक पान भरावे आणि त्यात पाच रकाने असावेत. द्रव्याचे स्थानिक नाव, ते कोणत्या ऋतूत मिळते, त्यावर कोणता संस्कार होतो, त्यात मीठ, मिरची व तेल किती पडते, आणि कोणत्या व्याधीत ते चालेल किंवा वर्ज्य. माहिती देणाऱ्या माता-भगिनींना ते पान वाचून दाखवावे आणि चुकले असेल तेथे त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावे. अशी वीस-पंचवीस पाने जमली की त्या भागाचा आहारद्रव्यकोश तयार होईल आणि छापील पथ्यपत्रकाच्या जागी रुग्णाच्या बोलीत लिहिलेले पत्रक देता येईल.

पुढची पिढी निवटे ओळखत नाही, राता तांदूळ तिने पाहिलेला नाही, आणि शेवळ्यात काकड का घालायचे हे सांगणाऱ्या आज्या आता सत्तरी-पंचाहत्तरीच्या आहेत. हे काम करायला फार वर्षे हाताशी नाहीत. येत्या मृगाला पहिल्या पावसानंतरच्या रविवारी, सकाळी सहा वाजता, सानपाडा येथून निघण्याचे आम्ही ठरविले आहे. ज्या वैद्यमित्रांना आणि औषधविक्रेत्या बंधूंना सोबत यावयाचे असेल त्यांनी सायकलची हवा तपासून, रिकाम्या पोटी आणि एक कापडी पिशवी घेऊन यावे. टाकळ्याची जुडी घरी नेण्यासाठी ती लागेल.